विश्लेषण : गेममधल्या नायकाचे बारसे खेळाडूने करावे का?

मोबाइलवर एखादा कथाप्रधान गेम उघडला की पहिल्याच पडद्यावर अनेकदा एक रिकामी चौकट दिसते आणि प्रश्न येतो, ‘तुमच्या पात्राचे नाव काय?’ कुणी स्वतःचे नाव टाकतो, कुणी मित्राचे, तर कुणी ‘बंड्या’ लिहून पुढे सरकतो. काही गेममध्ये मात्र ही चौकटच नसते. तिथे नायक आपले नाव, घरदार आणि भूतकाळ घेऊनच आलेला असतो. वरवर पाहता ही बाब किरकोळ आहे. पण त्या एका चौकटीवर कथेचे लेखन, कलाकारांचे आवाज, भाषेचे व्याकरण, लिपीचे तंत्र आणि मुलांची गोपनीयता असे बरेच काही अवलंबून असते. उद्या कळमेश्वर किंवा काटोलच्या एखाद्या विद्यार्थ्याने मराठीत असा गेम बनवायचे ठरवले, तर त्याला पहिल्याच दिवशी या प्रश्नाला सामोरे जावे लागेल. तो प्रश्न नेमका काय आहे, हे समजून घेऊ.

निवडीवर चालणारा गेम म्हणजे काय?

अशा गेममध्ये नेमबाजी किंवा शर्यत हा मुख्य भाग नसतो. कथा पुढे सरकते आणि ठरावीक ठिकाणी थांबून विचारते, आता काय करायचे? खरे सांगायचे की लपवायचे? याला वाचवायचे की तिला? खेळाडू जे निवडेल त्याप्रमाणे कथेला फाटे फुटतात. या प्रकाराची मुळे छापील पुस्तकांत आहेत. ‘चूज युवर ओन अ‍ॅडव्हेंचर’ ही मुलांची इंग्रजी पुस्तकमाला १९७९ मध्ये सुरू झाली. ‘गुहेत जायचे असेल तर अमुक पान उघडा’ अशी तिची रचना होती. त्या पुस्तकांत नायकाला नावच नसे. सगळी गोष्ट ‘तू’ म्हणून सांगितलेली असे.

पुढे हा प्रकार संगणकावर आणि मग मोबाइलवर स्थिरावला. टेलटेल कंपनीचा ‘द वॉकिंग डेड’ (२०१२), ‘लाइफ इज स्ट्रेंज’ (२०१५), ‘डेट्रॉइट : बिकम ह्यूमन’ (२०१८) हे त्यातले गाजलेले गेम. या तिन्हींत नायकांची नावे ठरलेली आहेत. ली, मॅक्स, कॉनर. याउलट मोबाइलवरच्या ‘चॉइसेस’सारख्या कथा-अ‍ॅपमध्ये खेळाडूला पात्राचा चेहरा, कपडे आणि नाव ठरवता येते. म्हणजे एकाच प्रकारच्या गेममध्ये दोन परंपरा शेजारी शेजारी नांदत आहेत.

नाव ठेवण्याची मुभा कधीपासून?

ही मुभा बरीच जुनी आहे. जपानमध्ये १९८६ साली आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये खेळाडू नायकाचे नाव स्वतः टाकत असे. नावाला जागा होती फक्त चार जपानी अक्षरांची. गंमत म्हणजे टाकलेल्या नावावरून नायकाची ताकद आणि चपळाई किती असेल, कशी वाढेल, हे गेम ठरवत असे. त्याच वर्षीच्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’मध्ये नावाच्या जागी ‘झेल्डा’ लिहिले की थेट अधिक अवघड असलेली दुसरी मोहीम सुरू होत असे. १९९६ च्या पहिल्या ‘पोकेमॉन’ गेममध्ये तर स्वतःबरोबर प्रतिस्पर्ध्याचेही नाव ठेवता येत होते. वर्गातल्या ज्याच्याशी पटत नाही त्याचे नाव तिथे टाकण्याचा मोह किती मुलांना झाला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

हे सगळे सोपे होते, कारण तेव्हा पात्रे बोलत नव्हती. संवाद पडद्यावर अक्षरांत उमटत. वाक्यात नावाच्या जागी एक खूणचिठ्ठी ठेवायची आणि खेळाडूने दिलेले नाव तिथे बसवायचे, एवढेच काम. लग्नपत्रिकेच्या छापील मजकुरात पाहुण्याचे नाव हाताने लिहावे, तसे.

मग अडचण कुठे आली?

पात्रांना आवाज मिळाला तेव्हा. मजकुरात कोणतेही नाव बसवता येते. पण स्टुडिओत एकदा ध्वनिमुद्रित झालेल्या संवादात ‘श्रावणी’ किंवा ‘इरफान’ कसे घुसवणार? यावर गेल्या पंचवीस वर्षांत वेगवेगळे तोडगे निघाले.

‘फायनल फँटसी टेन’ (२००१) या गेमच्या नायकाचे मूळ नाव टीडस. ते बदलता येत असल्याने पूर्ण गेममध्ये एकही पात्र त्याला नावाने हाक मारत नाही. नायिका त्याच्या प्रेमात पडते, पण तिच्या तोंडी त्याचे नाव कधीच येत नाही. ‘मास इफेक्ट’ने (२००७) मधला मार्ग काढला. पहिले नाव खेळाडूचे, आडनाव मात्र ठरलेले, ‘शेपर्ड’. सगळी पात्रे आडनावानेच हाक मारतात. सैनिकी वातावरणात ते शोभूनही दिसते. ‘फॉलआउट फोर’मध्ये (२०१५) तर सुमारे हजार नावे आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. तुमचे नाव त्या यादीत असेल, तर घरातला यंत्रमानव ते खरोखर उच्चारतो. ‘सायबरपंक २०७७’ने (२०२०) नायकाला ‘व्ही’ एवढेच नाव देऊन प्रश्न मिटवला. ‘बाल्डर्स गेट थ्री’मध्ये (२०२३) खेळाडूने घडवलेल्या पात्राला काहीच नाव दिले नाही, तर ‘टॅव्ह’ हे नाव लागते. आता जगभरचे खेळाडू आपसात बोलताना अशा पात्राला सरसकट ‘टॅव्ह’च म्हणतात.

काहींनी मुभाच काढून घेतली. ‘झेल्डा’ मालिकेत वर्षानुवर्षे नायकाचे नाव ठेवता येत होते. २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये पात्रे प्रत्यक्ष बोलू लागली आणि नायक कायमचा ‘लिंक’ झाला.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने कोणतेही नाव कोणत्याही आवाजात बोलवून घेता येईल, असे म्हटले जाते. तांत्रिकदृष्ट्या ते शक्य होत चालले आहे. पण प्रश्न कलाकारांच्या हक्काचा आहे. अमेरिकेतील व्हिडीओ गेम कलाकारांनी जुलै २०२४ मध्ये संप पुकारला आणि तो जवळपास वर्षभर चालला. यंत्राकडून होणारी आवाजाची नक्कल हा त्यातला कळीचा मुद्दा होता. शिवाय मराठी नावांचे उच्चार यंत्राला सहज जमतील असे नाही. ‘चांगदेव’मधला ‘च’ आणि ‘चित्रा’मधला ‘च’ आपण वेगळे उच्चारतो, लिहितो मात्र सारखेच.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या गेमनी काय केले?

आपल्याकडच्या कथाप्रधान गेमनी आतापर्यंत ठरलेल्या नावाची वाट धरलेली दिसते. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या स्टुडिओचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकनही मिळाले. हा निवडीवर चालणारा गेम नाही, पण कथा त्याच्या केंद्रस्थानी आहे. सर्कशीत कसरती करणारी राजी तिच्या हरवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते आणि तिची कहाणी देवी दुर्गा व विष्णू यांच्या निवेदनातून उलगडते. अशा निवेदनात नायिकेचे नाव खेळाडूच्या मर्जीवर सोडणे अवघडच होते. पण त्याहून मोठे कारण कथेचे आहे. राजी ही कुणाची तरी बहीण आहे. ते नाते नावासकट आपल्यासमोर येते.

गोव्यातल्या ‘फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्ह’ या छोट्या स्टुडिओचे ‘रेनस्वेप्ट’ (२०१९) आणि ‘फॉरगॉटन फील्ड्स’ (२०२१) हे गेमही याच वाटेचे. पहिल्यात मायकेल स्टोन नावाचा गुप्तहेर आहे. दुसऱ्यात सिड नावाचा लेखक विकल्या जाणाऱ्या आपल्या लहानपणीच्या घराचा निरोप घेतो. घर सिडचे आहे, आठवणी सिडच्या आहेत. तिथे खेळाडूने स्वतःचे नाव टाकले तर दुसऱ्याच्या घरावर आपली पाटी लावल्यासारखे होईल.

ठरलेले नाव चांगले की स्वतःचे?

दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे आहे. स्वतःचे नाव टाकले की निवड अंगाला चिकटते. ‘ली खोटे बोलला’ आणि ‘मी खोटे बोललो’ यात फरक आहे. संकटात साथ सोडणारे पात्र आपल्याच नावाने ओळखले जात असेल, तर पुढचे बटण दाबताना बोट क्षणभर थांबते. नैतिक पेच हा ज्या गेमचा गाभा आहे, तिथे हा परिणाम मोलाचा ठरतो.

ठरलेल्या नावाचा फायदा वेगळा आहे. तिथे आपण दुसऱ्याच्या चपला पायात घालतो. मी काय केले असते याऐवजी, या माणसाने काय करावे, असा विचार करतो. कादंबरी वाचताना आपण हेच करतो. शिवाय गेम खेळून झाल्यावर मित्रांत चर्चा करताना सगळ्यांकडे एकच नाव असते. ‘तुझ्या मॅक्सने शेवटी काय निवडले?’ हा प्रश्न सहज विचारता येतो. प्रत्येकाच्या गेममध्ये नायकाचे नाव वेगळे असेल तर ‘आपला तो हिरो’ असेच म्हणत राहावे लागते.

तिसरा मुद्दा थट्टेच्या नावांचा. नाव टाकायला सांगितले की ‘ढेमसे’ किंवा ‘झिंगाट’ लिहिणारे असतातच. दोन तासांनी आई मृत्युशय्येवर लेकाला जवळ बोलावते आणि पडद्यावर उमटते, ‘ढेमसे, मला पाणी दे.’ लेखकाने महिनाभर घोटलेला प्रसंग एका शब्दात वाया जातो.

‘अंडरटेल’ने (२०१५) या साऱ्यालाच कथेचा भाग करून टाकले. सुरुवातीला खेळाडू एका मुलाचे नाव ठेवतो आणि आपण त्याच मुलाला चालवत आहोत असे समजतो. शेवटाकडे कळते की ते नाव दुसऱ्याच कुणाचे तरी होते आणि आपण ज्याच्याबरोबर चाललो त्याचे नाव वेगळेच आहे. नाव दिले म्हणून माणूस आपला होत नाही, हे इतक्या साध्या युक्तीने क्वचितच कुणी सांगितले असेल.

मराठीत वेगळी अडचण कोणती?

पहिली अडचण लिंगाची. इंग्रजीत नाव बदलले तरी क्रियापद तसेच राहते. मराठीत ‘राघव घरी आला’ आणि ‘राधा घरी आली’. ‘मी जातो’ की ‘मी जाते’, ‘तू आलास’ की ‘तू आलीस’, ‘थकलेला’ की ‘थकलेली’, हे प्रत्येक वाक्यात ठरवावे लागते. म्हणजे नावाच्या चौकटीबरोबर लिंगाचा प्रश्नही विचारावा लागतो. नुसत्या नावावरून ते ओळखता येत नाही, कारण किरण, शीतल, सुमन ही नावे मुलांचीही असतात आणि मुलींचीही. लेखकाला अनेक वाक्ये दोनदा लिहावी लागतात आणि कुठे एक जरी निसटले तर ‘श्रावणी दार उघडून बाहेर गेला’ असे हास्यास्पद वाक्य उमटते.

पण मराठीने पळवाटाही ठेवल्या आहेत. ‘राघवने पत्र वाचले’, ‘राधाने पत्र वाचले’ या वाक्यांत क्रियापद पत्राप्रमाणे चालते, वाचणाऱ्याप्रमाणे नाही. ‘किरणला घरी यावे लागले’, ‘तू उद्या जाशील’, ‘तुम्ही आलात’, ‘तुम्ही काय निवडता?’ यांतही लिंग उघड होत नाही. जाणकार लेखक अशा रचनांच्या आधाराने बरीच वाट कापू शकतो. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. पंधरा वर्षांच्या नातवाला आजी ‘तुम्ही’ म्हणू लागली तर आपलेपणाच हरवतो. आणि कथा नागपुरी बोलीत असेल तर सुटकाच नाही. ‘काय करून राह्यला बे?’ आणि ‘काय करून राह्यली वं?’ यात शेवटच्या एका अक्षरातही समोर मुलगा आहे की मुलगी, हे कळते.

दुसरी अडचण प्रत्ययांची. इंग्रजीत नाव सुटे राहते. मराठीत ते ‘ने, ला, चा, शी’ यांना चिकटते आणि कधी कधी बदलते. ‘सीताला’ की ‘सीतेला’, ‘गणेशचा’ की ‘गणेशाचा’? रोजच्या बोलण्यात ‘आशाला’, ‘गणेशचा’ ही रूपे आता सर्रास चालतात. त्यामुळे यंत्राने नुसता प्रत्यय जोडला तरी बहुतेक नावे निभावून जातात. पण नाव लिहिताना शेवटी चुकून मोकळी जागा पडली, तर पूर्ण गेमभर हिंदीच्या धर्तीवर ‘ज्ञानेश्वर ला’, ‘ज्ञानेश्वर ने’ असे तुटक मराठी वाचावे लागते. खेळाडूने नाव रोमन लिपीत टाकले तर त्या रोमन नावाला देवनागरी ‘ला’ चिकटतो, तो वेगळाच.

‘कळमेश्वर’ किती अक्षरांचे?

शाळेतले मूल सांगेल, पाच. क, ळ, मे, श्व, र. संगणक मात्र आठ मोजतो. क, ळ, म, एकार, श, हलन्त, व, र. जगभरच्या लिप्यांसाठी असलेल्या ‘युनिकोड’ पद्धतीत मात्रा आणि पाय मोडण्याची खूण ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. साठवणुकीच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते, इंग्रजीचे अक्षर एकच. म्हणजे ‘कळमेश्वर’ला २४ बाइट लागतात. ‘श्रीकृष्ण’ आपल्याला तीन अक्षरी वाटते, संगणकाला ते नऊ चिन्हांचे आहे. ‘ज्ञानेश्वर’ चार अक्षरी, पण चिन्हे दहा.

परदेशी गेममध्ये नावाला आठ-दहा चिन्हांची मर्यादा असणे नेहमीचे आहे. आठची मर्यादा असेल तर ‘ज्ञानेश्वर’ मध्येच तुटून ‘ज्ञानेश्’ होतो. मर्यादा बाइटमध्ये मोजली तर अवस्था आणखी बिकट. गेमच्या फाँटमध्ये देवनागरी नसेल तर नावाच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी दिसतात. जोडाक्षरे नीट जुळवण्याची सोय नसेल तर वेलांटी भलत्याच जागी जाते. स्वतःच्या भाषेत स्वतःचे नाव लिहून पाहिले आणि समोर चौकटी आल्या, की हा गेम आपल्यासाठी बनवलेला नाही, हे मुलाला न सांगता कळते.

आपल्याकडे माणसाला नावाने हाक मारतात तरी किती?

इथे मराठी लेखकाला एक सोय आहे. इंग्रजी संवादात नावाने हाक मारणे रोजचे. आपल्याकडे वडीलधाऱ्याला नावाने कुणी बोलावत नाही. शेजारीण ‘काकू’ असते, दुकानदार ‘भाऊ’ म्हणतो, वहिनी ‘भाऊजी’ म्हणते, आई ‘बाळा’, ‘सोन्या’, ‘पिल्लू’ म्हणते. जुन्या घरांत नवऱ्याला ‘अहो’ पुरत असे. म्हणजे ‘फायनल फँटसी’च्या लेखकांना जी कसरत करावी लागली, ती मराठीत आपोआप साधते. पात्रे नाव न घेता तासन् तास बोलू शकतात आणि कुणाला ते खटकणारही नाही.

याची दुसरी बाजू अशी की मराठीत नाव घेणे हा प्रसंग असतो. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. लग्नात उखाण्यातून नाव घेतले जाते आणि त्यासाठी सगळे कान टवकारून बसतात. एरवी ‘बाळा’ म्हणणारी आई पूर्ण नावाने हाक मारते तेव्हा काहीतरी बिनसले आहे, हे घरातल्या मांजरालाही समजते. मराठी गेमने खेळाडूने दिलेले नाव दर वाक्यात पेरण्यापेक्षा अशा दोन-तीन क्षणांसाठी राखून ठेवले, तर त्याचे वजन कितीतरी वाढेल.

नाव ठेवण्याचा हक्क कुणाचा?

हा प्रश्न आपल्या समाजात गेमच्या आधीपासून आहे. लग्नात तांदळाच्या ताटात नवरीचे नवे नाव लिहिण्याची चाल महाराष्ट्रातल्या अनेक घरांत होती आणि काही घरांत अजून आहे. वीस-पंचवीस वर्षे ज्या नावाला ‘ओ’ दिली ते एका संध्याकाळी बदलायचे. कायद्याने हे बंधनकारक नाही आणि अनेक मुली आता त्याला नकार देतात. उलट, स्वतःचे नाव स्वतः निवडण्याचीही परंपरा आपल्याकडे आहे. नागपूरचे कवी माणिक गोडघाटे यांनी ‘ग्रेस’ हे नाव स्वतःसाठी निवडले आणि मराठी वाचक त्यांना त्याच नावाने ओळखतो. पारलिंगी व्यक्तींसाठी तर आपण निवडलेल्या नावाने कुणीतरी हाक मारणे, ही रोजच्या सन्मानाची गोष्ट असते. घरात किंवा शाळेत जे नाव उच्चारता येत नाही, ते गेमच्या चौकटीत निर्धास्तपणे लिहिता येते. म्हणूनच ही मुभा काही खेळाडूंना करमणुकीपेक्षा मोठी वाटते.

नावाची रचनाही बदलते आहे. राज्य सरकारच्या २०२४ मधील निर्णयानुसार १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचे आहे. ‘पहिले नाव, आडनाव’ अशा दोनच चौकटी देणारा परदेशी साचा इथे अपुरा पडतो.

आणि आडनाव तर जपूनच विचारावे. ‘मास इफेक्ट’मधले ‘शेपर्ड’ अमेरिकी खेळाडूला निरुपद्रवी वाटते. महाराष्ट्रात आडनाव ऐकले की अनेकांच्या मनात जात, गाव, भाग यांचा हिशेब सुरू होतो. नायकाला आधीच एखादे आडनाव देणे म्हणजे तो कोण आहे हे ठरवून टाकणे. कथेला त्याची गरज असेल तर ते निश्चयाने द्यावे. नसेल तर आडनावाची चौकटच नको.

खेळाडूने काही लिहिले नाही तर आपोआप लागणाऱ्या नावालाही हेच लागू होते. गेमच्या लेखी ‘सर्वसाधारण माणूस’ कोण, हे ते नाव सांगत असते. नागपूर जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेच्या हजेरीपटावर प्रज्ञा, आयेशा, हर्षल, सिद्धार्थ, मारिया अशी नावे एकाखाली एक सापडतात. सुचवलेल्या नावांची यादी तशीच असायला काय हरकत आहे?

मुलांनी खरे नाव टाकावे का?

पालकांनी लक्ष द्यावे असा हा भाग आहे. एकट्याने खेळायच्या गेममध्ये टाकलेले नाव बहुतेक वेळा फोनवरच राहते. पण गेम इंटरनेटला जोडलेला असेल, गुणतक्ता असेल किंवा पडद्याचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकण्याची सोय असेल, तर तेच नाव बाहेर जाते. त्यामुळे पूर्ण नाव, शाळेचे नाव, मोबाइल क्रमांक यांपैकी काहीही या चौकटीत लिहू नये. टोपणनाव पुरेसे आहे.

खोटे नाव दिले म्हणजे सगळे झाले, असेही नाही. ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ (२०१७) हा गेम वरून गोड प्रेमकथा वाटतो, पण तो मनोविकारी भयाचा गेम आहे आणि लहान मुलांसाठी मुळीच नाही. त्यात एक पात्र खेळाडूच्या संगणकावरचे वापरकर्त्याचे नाव वाचून त्या नावाने त्याला हाक मारण्याचा प्रयत्न करते. चौकटीत ‘बंड्या’ लिहिलेल्याला अचानक आपले खरे नाव दिसते. तिथे तो घाबरवण्याचा डाव होता. पण एखादे अ‍ॅप आपल्याविषयी आपण सांगितले त्यापेक्षा जास्त जाणू शकते, हा धडा खराच आहे.

भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. या कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते. तिची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागते आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. नावाची साधी चौकट भरून घेणाऱ्या छोट्या गेमकर्त्यानेही हे ध्यानात ठेवायला हवे. गरज नसेल तर नाव फोनबाहेर पाठवूच नये, हा सर्वांत सोपा मार्ग.

मराठीत गेम बनवणाऱ्याने काय करावे?

साधने आता हाताशी आहेत. ‘ट्वाइन’ हे २००९ पासून उपलब्ध असलेले साधन मोफत आहे. त्यात प्रोग्रामिंग फारसे न शिकता निवडींची गोष्ट रचता येते आणि ती साध्या ब्राउझरमध्ये चालते. आजचे ब्राउझर देवनागरी व्यवस्थित दाखवत असल्याने जोडाक्षरांची निम्मी चिंता तिथेच मिटते. त्यापुढचे निर्णय लेखकाचे. वरच्या चर्चेतून निघणारी काही सूत्रे अशी :

– नायकाला घर, नाती, गाव आणि भूतकाळ असेल तर त्याचे नाव लेखकानेच ठेवावे. त्याची पाटी कोरी असेल तरच खेळाडूला विचारावे.

– दोन्ही हवे असेल तर खरे नाव ठरलेले ठेवून टोपणनाव खेळाडूकडून घ्यावे. मराठी घरांत माणसाला दोन नावे असणे नवे नाही. मित्र एका नावाने आणि मास्तर दुसऱ्या नावाने हाक मारतील.

– लिंग नावावरून ओळखू नये, स्वतंत्र विचारावे. पात्राला कसे संबोधायचे, ‘तो’, ‘ती’ की लिंग उघड न करता, हे निवडता यावे.

– मर्यादा दिसणाऱ्या अक्षरांत मोजावी, चिन्हांत किंवा बाइटमध्ये नाही. नावाच्या मागेपुढे राहिलेली मोकळी जागा यंत्राने आपोआप काढून टाकावी.

– गेम पूर्ण करण्याआधी ‘सीता’, ‘ज्ञानेश्वर’, ‘आयेशा’, ‘किरण’ आणि एखादे रोमन लिपीतले नाव टाकून सगळे संवाद एकदा वाचून पाहावेत.

– नाव कथेच्या मध्यात विचारले तरी चालते. खेळाडूला पात्राची ओळख झाल्यावर, एखाद्या अनोळखी माणसाने ‘नाव काय तुझे?’ असे विचारल्यावर दिलेले नाव थट्टेचे असण्याची शक्यता कमी असते.

– आणि नंतर नाव बदलण्याची सोय ठेवावी. घाईत टाकलेले नाव तीस तास सोबत वागवण्याची शिक्षा कुणाला नको.

नायकाचे नाव कुणी ठेवायचे याला एकच उत्तर नाही. ली आणि राजी ठरलेल्या नावांमुळे लक्षात राहतात, तर शेपर्ड अर्ध्या नावामुळे. प्रत्येक ठिकाणी निर्णय कथेच्या गरजेतून झाला आहे, रिवाज म्हणून नाही. मराठीत ही वाट अजून बरीचशी मोकळी आहे. इथे प्रत्यय आहेत, नाती आहेत, दोन-दोन नावे आहेत आणि नाव घेण्याचे सोहळे आहेत. परदेशी साचा जसाच्या तसा उचलण्यापेक्षा यातून गेम घडवणाऱ्याला अधिक काही सापडेल. गेम सुरू करताना येणारी ती रिकामी चौकट ‘ज्ञानेश्वर’ला पूर्ण मावेल एवढी असणे, ही त्याची सुरुवात.